इंग्रजीचा प्रश्न आणि मराठी मंडळी : १८५४ च्या निर्णयाचा पुनर्विचार

राजाची रजा घेऊन नहेम्या दुसऱ्यांदा यरुशलेमेस आला, तेव्हा नगराचा कोट उभा होता, वेशी लागलेल्या होत्या. परंतु घरांत डोकावताच एक गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. परजातीय स्त्रियांशी विवाह केलेल्या यहूद्यांची निम्मी मुले अश्दोदी बोलत होती आणि यहूदी भाषा त्यांस बोलता येत नव्हती (नहेम्या १३:२४). त्यानंतरच्या वचनात नहेम्याने बापांचे केस उपटल्याचे वर्णन आहे. तो उपाय आमच्या धर्मबंधूंनी करावा असे आम्ही सुचविणार नाही. तथापि त्याची वेदना आज आमच्या परिचयाची झाली आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद किंवा गोवा येथील मराठी उपासनेत दृढीकरणाच्या वर्गास बसलेली मुले पाहावीत. प्रभूची प्रार्थना त्यांस मराठीत तोंडपाठ असते. पण पवित्र शास्त्राचा एखादा अध्याय देवनागरीत वाचावयास सांगितला की त्यांची जीभ अडखळते. घरी गेल्यावर आई त्यांच्याशी मराठीत बोलते आणि मुले इंग्रजीत उत्तर देतात.

ह्या विषयावर आमच्यात दोन मते ऐकू येतात. एक मत असे की इंग्रजीने आमचे घर पोखरले. दुसरे असे की इंग्रजी नसती तर आमच्या समाजाला गावकुसाबाहेर पडण्याचा मार्गच नव्हता. दोन्ही मते आवेशाने मांडली जातात आणि दोहोंतही सत्यांश आहे. परंतु हा प्रश्न मराठी मंडळीपुढे आज प्रथमच उभा राहिलेला नाही, हे बहुधा विसरले जाते. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो उभा राहिला, त्यावर निर्णय झाला, त्या निर्णयाची फळे आम्ही चाखली आणि त्याचे मोलही भरले. म्हणून आपले मत बनविण्यापूर्वी त्या निर्णयाचा इतिहास पाहणे हितावह होईल.

वादाची पूर्वपीठिका

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांनी प्रथम मराठी शिकण्याचे काम हाती घेतले, शाळा काढल्या त्या मराठी काढल्या आणि १८२६ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर छापून पूर्ण केले. ह्या पहिल्या पिढीच्या मनात भाषेविषयी संदेह नव्हता. शुभवर्तमान ज्यास सांगावयाचे त्याच्या भाषेत सांगावे, एवढे साधे त्यांचे धोरण होते.

संदेह उत्पन्न झाला तो पुढील दोन दशकांत. १८३० मध्ये अलेक्झांडर डफ यांनी कलकत्त्यास इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. उच्चवर्णीय तरुणांस इंग्रजीतून पाश्चात्त्य विद्या व पवित्र शास्त्र शिकवावे, म्हणजे जुन्या समजुतींचा पाया आपोआप ढासळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. मुंबईत १८२९ मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन हे मराठी व संस्कृतचे गाढे अभ्यासक. त्यांनीही १८३२ मध्ये इंग्रजी शाळा सुरू केली, आणि आजचे विल्सन महाविद्यालय हा तिचाच विस्तार होय. १८३५ मध्ये मेकॉले यांचे टिपण आले व सरकारी धोरण इंग्रजीकडे झुकले. मुंबई इलाख्यात मात्र एल्फिन्स्टन यांच्या काळापासून देशी भाषांस मान होता. १८४७ मध्ये शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा आग्रह धरला, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू हिरीरीने लढविली. म्हणजे शिक्षण कोणत्या भाषेत द्यावे, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीपुरता नव्हता. सर्व मराठी समाजात तो पेटलेला होता.

अमेरिकन मिशनही ह्या प्रवाहापासून अलिप्त राहिले नाही. १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे प्रमुख केंद्र झाले. तेथील शिक्षणात इंग्रजीने स्थान मिळविले. १८४२ मध्ये अहमदनगरहून निघालेला ‘ज्ञानोदय’ हादेखील मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे.

१८५४ चे वर्ष

१८५४ ह्या एका वर्षात ह्या प्रश्नाचे सर्व धागे एकत्र आले. त्या वर्षीच्या चार घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

जुलै महिन्यात लंडनहून चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध शिक्षणविषयक खलिता निघाला. उच्च शिक्षण इंग्रजीत, सामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषांत, आणि खासगी शाळांस सरकारी अनुदान, अशी त्याची रचना होती. सप्टेंबर महिन्यात बेळगाव येथे बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा झाला. लंडन मिशनच्या तेथील इंग्रजी शाळेत व पुढे मुंबईच्या फ्री चर्चच्या विद्यालयात ते शिकले होते. त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजीला माऊली म्हणून गौरविणारी कविता आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराचा स्पर्श नाकारला गेला, त्यांच्या दृष्टीने ही परकी भाषा दार उघडणारी होती, असा त्या गौरवाचा आशय आहे.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन व त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्प्सन ह्या दोघांचे शिष्टमंडळ मुंबईत उतरले व अहमदनगरास गेले. मिशनच्या कार्याची पाहणी करून पुढील धोरण ठरविणे हे त्यांचे काम होते. चर्चेअंती जे ठरले त्याचा मथितार्थ असा : इंग्रजी शिक्षणावरचा खर्च थांबवावा, मुंबईची इंग्रजी शाळा बंद करावी, सेमिनरीतील शिक्षण मराठीत चालावे, आणि गावोगावच्या लहान मंडळ्या व त्यांचे देशी पाळक ह्यांवर सर्व भर द्यावा. सिंहलद्वीपात जाफना येथे १८२३ पासून चाललेली बट्टिकोटा सेमिनरी ही तर त्या काळातील नामांकित इंग्रजी विद्यासंस्था. तीही १८५५ मध्ये बंद करण्यात आली.

अँडरसन यांचे म्हणणे उथळ नव्हते. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः करावा व स्वतःच शुभवर्तमानाचा प्रसार करावा, हे त्रिसूत्र ज्यांनी मांडले त्यांपैकी ते एक होते. इंग्रजी शिकलेला तरुण पुन्हा खेड्यात जात नाही. तो सरकारी कचेरीत जातो, शहरात स्थायिक होतो आणि आपल्याच लोकांस परका होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आजच्या वाचकाने प्रामाणिकपणे सांगावे, ह्या निरीक्षणात खोटे काय होते?

निर्णयाचे फलित

ह्या निर्णयाने आम्हांस काय दिले, ते प्रथम कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्या दोघांस अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. मराठी माणूस मराठी मंडळीचा पाळक होऊ शकतो, हे तत्त्व कागदावरून व्यवहारात आले. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत, विशेषतः महार व मांग वस्त्यांत, मराठी शाळा उघडल्या. तेथील शिक्षक हाच बहुधा उपदेशकही असे. दिवसा तो मुलांना बाराखडी शिकवी आणि रात्री त्याच ओसरीवर शास्त्रवाचन करी. अक्षरओळख व शुभवर्तमान ही दोन्ही एकाच मुखातून, एकाच भाषेत आली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर जेव्हा गावेच्या गावे मंडळीकडे वळली, तेव्हा त्यांना सांभाळणारी माणसे ह्याच मराठी परंपरेतून मिळाली.

आमचे कीर्तन व भजन हे त्याच भूमीत फुलले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची देशी पद्धत ख्रिस्ती उपासनेत आणली. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक अहमदनगरास आले, तेव्हा त्यांच्या भजनांस ऐकणारी व गाणारी मंडळी तेथे सिद्ध होती. ज्या स्त्रीने इंग्रजी शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले, आणि १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले ते पुस्तक समस्त मराठी साहित्यात मानाचे ठरले. मराठीवर विसंबून राहणाऱ्या मंडळीची वाणी दुबळी राहते, असे म्हणणाऱ्यास हे एक उत्तर पुरेसे आहे.

निर्णयाचे मोल

परंतु इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे सत्यास धरून होणार नाही.

पहिली गोष्ट अशी की हा निर्णय मराठी मंडळीने केलेला नव्हता. मराठी मंडळीच्या हिताचा म्हणून तो इतरांनी केला. ज्यांनी मराठी पाळकास इंग्रजीची गरज नाही असे ठरविले, त्यांचा आपसांतील सर्व व्यवहार इंग्रजीत होता. मिशनच्या सभांची इतिवृत्ते इंग्रजीत, बोर्डाशी पत्रव्यवहार इंग्रजीत, पैशाचा हिशेब इंग्रजीत, आणि ईश्वरविज्ञानाचे ग्रंथ तर बहुतेक सर्वच इंग्रजीत. अशा घरात ज्यास केवळ मराठी येते त्यास पाळक म्हणता येईल, पण कारभारी करता येणार नाही. स्वावलंबी मंडळी हे ध्येय ठेवावे आणि कारभाराची भाषा मात्र हाती देऊ नये, ही विसंगती त्या थोर मनांच्या लक्षात आली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट सावित्रीबाईंच्या त्या कवितेत आहे. उच्चवर्णीय तरुणास इंग्रजी सरकारी शाळेत मिळत होतीच. मिशनची शाळा बंद झाल्याने त्याचे फारसे अडले नाही. अडले ते ज्यास दुसरी शाळाच नव्हती त्याचे. इंग्रजीमुळे तरुण आपल्या लोकांस परका होतो, हा आक्षेप वतनदाराच्या मुलाविषयी एका अर्थाने खरा असेल. परंतु ज्यास गावाने आधीच परके मानले होते, त्याच्याविषयी हा युक्तिवाद कसा करावा? अहमदनगरची नवी मंडळी मुख्यत्वे अशाच घरांची होती. त्यांच्या मुलांस मराठी चौथीनंतर पुढची वाट अरुंद झाली.

हे मोल लोकांस कळत होते, ह्याचा पुरावा पुढील घटनांत आहे. जाफना येथे स्थानिक ख्रिस्ती लोकांच्याच आग्रहावरून १८७२ मध्ये जाफना महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे बट्टिकोटा बंद झाल्यावर अवघ्या सतरा वर्षांत. अहमदनगरासही शतकाच्या अखेरच्या पर्वात मिशनने इंग्रजी शिक्षणाचा मार्ग पुन्हा मोकळा केला. आणि १९४७ मध्ये त्याच नगरात जे महाविद्यालय स्थापन झाले, ते डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्या मराठी ख्रिस्ती विद्वानाच्या पुढाकाराने. हार्वर्डपर्यंत जाऊन आलेला हा मनुष्य आपल्या जिल्ह्यात परतला होता. इंग्रजी शिकलेला परत येत नाही, ह्या १८५४ च्या निरीक्षणाचे हे सजीव खंडन होते.

इंग्रजी घरी आणणारे

किंबहुना असे खंडन त्यापूर्वीही झाले होते. ज्यांनी इंग्रजी आत्मसात केली व ती घरी आणून मराठीच्या पदरात घातली, अशांची एक मालिकाच आमच्या इतिहासात आहे. तिच्यातील तिघांकडे पाहू.

बाबा पदमनजींचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात झाला. मराठी व कानडी ह्यांच्या सीमेवरील त्या गावात त्यांस इंग्रजी शाळा लाभली. तिने त्यांस कचेरीत नेऊन बसविले नाही. त्यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, ज्याची गणना मराठीतील आद्य कादंबऱ्यांत होते. १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र दिले. आणि मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप करून तो १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. ह्या शेवटच्या कृतीकडे आमच्या इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. ज्यास स्वतः पलीकडच्या तीरास जाता आले, त्याने मागून येणाऱ्यांसाठी साकव बांधला, असे त्या कोशाविषयी म्हणता येईल.

नारायण शेषाद्री हे मुंबईच्या स्कॉटिश विद्यालयात इंग्रजीतून शिकले व १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले. त्यांस मुंबईतच मानाने राहता आले असते. परंतु त्यांनी आपले आयुष्य निजामाच्या राज्यातील जालना भागात मांग व महार लोकांमध्ये घालविले आणि तेथे बेथेल नावाचे गाव वसविले. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील जागतिक सुवार्तिक परिषदेत ते बोलले, ते उत्तम इंग्रजीत व डोक्यावर पागोटे ठेवून. भाषा त्यांनी घेतली. वेष व माणसे सोडली नाहीत.

तिसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे, आणि ते सर्वांत बोलके आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे त्या इंग्रजी शिकल्या, चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात राहिल्या आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत गाजले. परंतु वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात एका क्रुसाचा प्रसंग आहे. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का असू नयेत, असा प्रश्न त्यांनी विचारला. लॅटिन ही भारतीय ख्रिस्ती माणसाची भाषा नव्हे, मग ती अधिक पवित्र कशी, असा त्यांचा रोख होता. प्रश्न अक्षरांचा नव्हता. ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी युरोपीय व्हावे लागते काय, हा होता. आणि त्याच रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मुक्ती सदनात इब्री व ग्रीक मूळ ग्रंथांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात वेचली. संस्कृतची पंडिता व इंग्रजीची लेखिका असूनही त्यांनी शेवटी भाषा निवडली ती खेड्यातील बाईस समजेल अशी. १९२२ मध्ये त्या प्रभूत विसावल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

ह्या तिघांच्या चरित्रांतून एक गोष्ट स्पष्ट होते. १८५४ मध्ये प्रश्न मांडला गेला तो ‘इंग्रजी की मराठी’ असा. वस्तुतः तो तसा नव्हताच. इंग्रजी शिकून मनुष्य कोणाकडे तोंड करून उभा राहतो, हा खरा प्रश्न होता आणि आजही तोच आहे.

गोव्याचा धडा

गोमंतकातील आमच्या बंधूंस ह्याच प्रश्नाचा अधिक जुना अनुभव आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे स्वतः इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यास आले आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ. ज्या इंग्रजीचा आम्ही आज विचार करीत आहोत, ती ज्याची मातृभाषा होती असा मनुष्य ख्रिस्तकथा सांगण्यासाठी मराठीपाशी आला, ही घटना मनन करण्याजोगी आहे. कोकणीचे व्याकरण व कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तकही त्यांनी रचले.

परंतु त्यानंतर शतक लोटण्यापूर्वीच, १६८४ मध्ये, व्हाइसरॉय काउंट ऑफ अल्व्होर यांनी फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकावी व आपली भाषा बोलणे सोडावे. फर्मानाने भाषा मेली नाही. ती स्वयंपाकघरात, शेतात व चर्चच्या पायऱ्यांवर जिवंत राहिली. मात्र प्रतिष्ठित घरांत बैठकीची भाषा एक व चुलीपाशची भाषा दुसरी, अशी फूट पडली. चुलीपाशच्या भाषेला माणसे लाजू लागली. फर्मानाने झालेल्या हानीपेक्षा ही लाज अधिक खोल गेली.

आज आमच्यावर इंग्रजीचे कोणतेही फर्मान नाही. उलट घटनेच्या ३५० अ ह्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे अशी सोय सांगितली आहे. इंग्रजी आम्ही स्वेच्छेने निवडतो, आणि ती निवडण्याचा हक्कही आम्हांस आहे. कर्नाटकातील शाळांच्या प्रकरणी मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम शासनास सक्तीने लादता येणार नाही. गोव्यात १९९० मध्ये शासनाने केवळ कोकणी व मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांस अनुदान देण्याचे ठरविले, तेव्हा धर्मप्रांताच्या शाळा इंग्रजीहून कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये पालकांच्या मागणीवरून इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले गेले. म्हणजे १८५४ मध्ये इतरांनी आमच्यासाठी जे ठरविले, ते आता आम्हीच ठरवीत आहोत. दोष द्यावयास कोणी अँडरसन उरलेला नाही.

आजचे घर, आजचे व्यासपीठ

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळीची स्थिती विशेष नाजूक आहे, हे येथे सांगितले पाहिजे. बेळगावच्या मुलास शाळेत कानडी, हैदराबादच्या मुलास तेलुगू, बडोद्याच्या मुलास गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलास हिंदी शिकावी लागते. वर सर्वांस इंग्रजी. अशा घरास इंग्रजी ही दोन राज्यभाषांच्या ओढाताणीतून सुटण्याची तटस्थ जागा वाटते. त्यांस आम्ही दोष देत नाही. आमच्यापैकी कित्येक पाळकांची मुलेही इंग्रजी शाळेतच आहेत. स्वतःच्या घरी एक व्यासपीठावर दुसरे, असे बोलणे आम्हांस शोभणार नाही. परंतु अशा ठिकाणी मराठी मोठ्याने, प्रतिष्ठेने व नियमाने उच्चारली जाते असे सार्वजनिक स्थान अनेकदा एकच उरते, आणि ते म्हणजे रविवारची उपासना. ती मावळली तर मुलाच्या दृष्टीने मराठी ही आजीची खासगी गोष्ट ठरेल.

आणि आजीच्या भाषेत विश्वासही असतो. पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचा उगम त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांच्यात पाहिला (२ तीमथ्य १:५). तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. ते घरही दोन भाषांचेच असावे. विश्वास एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो बहुधा घरगुती बोलण्यातून, रात्रीच्या प्रार्थनेतून, आजारपणी म्हटलेल्या स्तोत्रातून. नातवास आजीची प्रार्थना कळेनाशी झाली, तर तुटते ते केवळ शब्दांचे नाते नव्हे.

तेव्हा काय करावे? आम्ही नवे फर्मान काढू इच्छीत नाही. इतिहासाने शिकविलेल्या चार गोष्टी मात्र नम्रपणे पुढे ठेवतो.

पहिली, इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची व त्याच्या आईबापांची व्यासपीठावरून निर्भर्त्सना करू नये. दानिएल व त्याचे सोबती खास्दी भाषा व विद्या शिकले (दानिएल १:४), आणि तरीही त्यांची प्रार्थना सुटली नाही. सावित्रीबाईंचा १८५४ चा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, हे स्मरणात असावे.

दुसरी, रविवारच्या शाळेत देवनागरी वाचन हे धर्मशिक्षणाचेच अंग मानावे. दर आठवड्यास दहा ओळींचे मोठ्याने वाचन, एवढे धर्मशिक्षकाने सातत्याने केले तरी दोन वर्षांत मूल शुभवर्तमान वाचू लागते. ज्यास तूर्त रोमी अक्षरांतूनच गीत म्हणता येते, त्यास हसू नये. मराठी अक्षरांचे छापसाहित्य हाती नव्हते म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ही रोमी लिपीतच छापले गेले होते. रोमी लिपी ही पायरी असू द्यावी. तिचा मुक्काम होऊ देऊ नये.

तिसरी, ज्या पाळकास इंग्रजी ग्रंथ वाचता येतात त्याने वाचलेले मराठीत उतरवावे. उत्तम भाष्य वाचून त्यातील इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा प्रवचनात फेकणे म्हणजे नदी ओलांडून होडी पलीकडेच बांधून येणे होय. बाबा पदमनजींनी कोश केला. आम्ही निदान प्रवचन तरी करावे.

चौथी, मंडळीच्या कारभाराची कागदपत्रे, हिशेब व ठराव मराठीतही असावेत. १८५४ ची विसंगती अशी होती की प्रार्थना एका भाषेत व सत्ता दुसऱ्या भाषेत राहिली. मिशनरी गेले, तरी अनेक ठिकाणी ती विसंगती आम्हीच पुढे चालविली आहे. ज्या वृद्ध सभासदास सभेतील ठराव समजत नाही, त्याच्या संमतीस संमती म्हणता येत नाही.

शेवटी प्रेषितांच्या कृत्यांतील एक प्रसंग स्मरावा (२१:३७ ते २२:२). यरुशलेमेत जमाव खवळला आहे, शिपाई पौलास गढीकडे नेत आहेत. तो पलटणीच्या सरदाराशी हेल्लेणीत बोलतो. सरदार चकित होतो आणि त्याला बोलण्याची परवानगी देतो. मग पायऱ्यांवर उभा राहून, हाताने खुणावून, पौल आपल्या लोकांशी इब्री भाषेत बोलू लागतो. ती ऐकताच ते अधिकच शांत होतात. हेल्लेणी आली नसती तर त्यास बोलावयास उभेच राहता आले नसते. इब्री आली नसती तर उभे राहूनही कोणी ऐकले नसते. आमच्या मुलांस सरदाराची भाषा अवश्य यावी. परंतु परवानगी मिळाल्यावर पायऱ्यांवर उभे राहून आपल्या माणसांकडे वळण्यासाठी जी भाषा लागते, ती त्यांस शिकविण्याचे काम कोणतीही शाळा आमच्यासाठी करणार नाही. ते घराचे आहे, आणि घराच्या खालोखाल ते आमचे आहे.